टायसन, अली आणि तीन राउंडांची थाप

हेवीवेट बॉक्सर माइक टायसनच्या नॉकआउटची एक चित्रफीत दर दोन-चार महिन्यांनी फिरत फिरत आपल्या फोनवर येतेच. मायकेल स्पिंक्स ९१ सेकंदांत आडवा, ट्रेव्हर बर्बिक उठायला जातो आणि पुन्हा पुन्हा कोलमडतो. खाली मजकूर ठरलेला: ऐन भरातल्या टायसननं मोहम्मद अलीला तीन राउंडांत झोपवलं असतं. कारणंही ठरलेली. अलीला हरवणाऱ्या बर्बिकला टायसननं लोळवलं. जो फ्रेझियरच्या लेफ्ट हूकनं (डाव्या हाताच्या वळणदार ठोशानं) अली पडला, मग टायसनच्या हूकपुढे कसला टिकतोय. टायसनसारखा वेग अलीनं पाहिलाच नव्हता. जुने बॉक्सर अंगानं लहान होते. आणि शेवटी, ‘संगणकानंही हेच सांगितलंय’.

टायसन मलाही आवडतो. पण ही कारणं तपासू.

आधी बर्बिकचं त्रैराशिक. बर्बिकनं अलीला हरवलं ते डिसेंबर १९८१मध्ये, बहामात. अलीला चाळीस पुरी व्हायला पाच-सहा आठवडे उरले होते, पाय जड झाले होते, आणि ती त्याची शेवटची लढत ठरली. नोव्हेंबर १९८६मध्ये त्याच बर्बिकला टायसननं दुसऱ्या राउंडात संपवलं तेव्हा टायसन होता २० वर्षांचा. एकाची मावळती आणि दुसऱ्याची उगवती एकाच तराजूत घालायची, हा कुठला न्याय? बरं, बॉक्सिंगमध्ये त्रैराशिक चालतं असं धरू. केन नॉर्टननं १९७३मध्ये अलीचा जबडा मोडून त्याला हरवलं. मार्च १९७४मध्ये जॉर्ज फोरमननं त्याच नॉर्टनला दुसऱ्याच राउंडात लोळवलं. या हिशेबानं फोरमनपुढे अलीचं काही खरं नव्हतं. सात महिन्यांनी किन्शासात अली-फोरमन लढतीच्या आठव्या राउंडात जमिनीवर होता तो फोरमन.

हूकचा मुद्दा मात्र वजनदार आहे. अली हात खाली ठेवायचा आणि ठोसा आला की डोकं सरळ मागे घ्यायचा. कुठलाही प्रशिक्षक पोराला असं करू देणार नाही. डावा हूक त्याला सापडायचा तो याचमुळे. १९६३मध्ये लंडनला हेन्री कूपरनं चौथ्या राउंडात त्याला पाडलं, १९७१मध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये जो फ्रेझियरनं पंधराव्यात. चित्रफीत तिथेच थांबते. पुढे काय झालं? कूपरच्या वेळी घंटेनं हात दिला, आणि फाटक्या ग्लोव्हचं निमित्त करून अलीच्या कोपऱ्यातल्या प्रशिक्षक अँजेलो डंडीनं थोडी चलाखीही केली, हे मान्य. पण पुढच्याच राउंडात कूपरचा डोळा फुटून लढत थांबली. फ्रेझियरच्या ठोशावर अली पाच मोजायच्या आत उभा होता आणि गुणांवर हरेपर्यंत उभाच राहिला. ६१ लढतींत दहा मोजून तो कधीच बाद झाला नाही. लढत थांबवून त्याला हरवलं गेलं ते एकदाच, १९८०मध्ये लॅरी होम्सविरुद्ध, आणि तीही त्याच्याच कोपऱ्यानं थांबवली.

आणखी एक गोष्ट सोयीस्करपणे गाळली जाते. फ्रेझियरपुढचा अली म्हणजे व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यात जायला नकार दिल्यामुळे साडेतीन वर्षं रिंगबाहेर बसवलेला अली. पंचविसाव्या वर्षापासून अठ्ठाविसाव्यापर्यंतचा काळ असा गेला. परतल्यानंतरची ती तिसरीच लढत होती, आणि १९६६चे पाय त्याला पुन्हा कधीच मिळाले नाहीत.

आता वेग. हात गालाशी लावून, डोकं हलवत आत घुसायची टायसनची शैली त्याचे प्रशिक्षक कस डमाटो यांची. त्यांचाच आधीचा चेला फ्लॉइड पॅटरसन, तोही विजेसारख्या हाताचा. अलीनं त्याला १९६५मध्ये बाराव्या राउंडात हरवलं. पॅटरसन टायसनपेक्षा हलका होता आणि त्या दिवशी त्याची पाठही धरली होती, म्हणून मी याचा फार गाजावाजा करणार नाही. पण ही शैली अलीनं पाहिलीच नव्हती, असं मात्र म्हणता येत नाही. (गंमत म्हणजे ती लढत २२ नोव्हेंबरची, २१ वर्षांनी टायसन जगज्जेता झाला तोही २२ नोव्हेंबरलाच.)

उलट विचारा: अलीसारखा टायसननं कोण पाहिला होता? १९९०मध्ये टोकियोत बस्टर डग्लसच्या लांब जॅबनं (पुढच्या हाताच्या सरळ ठोशानं) त्याचं काय केलं, हे मी मुद्दाम बाजूला ठेवतो, कारण तेव्हा टायसनची तयारी यथातथाच होती. १९८७ घ्या, प्रशिक्षक केव्हिन रूनी कोपऱ्यात असतानाचं, ऐन भरातलं वर्ष. ‘बोनक्रशर’ स्मिथ नुसता मिठ्या मारत राहिला आणि १२ राउंड टिकला. सहा फूट पाच इंची टोनी टकरही १२ राउंड उभा होता. अली या दोघांहून कितीतरी चपळ, टायसनपेक्षा पाच इंच उंच, आणि मिठी मारून मान खाली दाबण्यात पक्का बेरकी. १९७४च्या दुसऱ्या लढतीत फ्रेझियरला त्यानं रात्रभर तेच केलं. शिवाय अलीच्या काळी जगज्जेतेपदाची लढत १५ राउंडांची असे. टायसन १२च्या पुढे कधी गेलाच नाही.

अंगाचं म्हणाल तर किन्शासात अली २१६ पौंडांच्या आसपास, स्पिंक्सविरुद्ध टायसन २१८. संपला मुद्दा. १८५ पौंडांच्या जुन्या जगज्जेत्या रॉकी मार्सियानोला अगडबंब टायसन फ्युरीपुढे उभा करत असाल तर हे कारण चालेल, इथे नाही.

संगणकाचं तर जुनंच आहे. १९७०मध्ये अली आणि मार्सियानोची खोटी लढत चित्रित करून, निकाल संगणकाचा म्हणून थिएटरांत दाखवली गेली. अमेरिकेत तेराव्या राउंडात मार्सियानो जिंकला, युरोपातल्या प्रेक्षकांना अली जिंकताना दाखवला. संगणक अलाबामात (वर्णद्वेषासाठी कुप्रसिद्ध राज्यात) बनवला असणार, अशी अलीची त्यावरची थट्टा.

मग माझं मत? नोव्हेंबर १९६६ला ह्यूस्टनमध्ये क्लीव्हलँड विल्यम्सला तिसऱ्या राउंडात संपवणारा अली आणि १९८८चा टायसन, १५ राउंड: अली, बहुधा दहाव्यानंतर. पहिले चार राउंड मात्र माझा जीव मुठीत असेल. आणि १९७६मध्ये यांकी स्टेडियमवर नॉर्टनशी तिसऱ्यांदा भिडलेला, दमलेला अली उभा केलात, तर माझे पैसे टायसनवर.