धडधड नेमकी कशाची?

आकर्षणाच्या भरात जोडीदार निवडू नका, असं सांगणारा लेख ‘मनावर ताबा ठेवा’ म्हणून संपवलाय. पण ऐन वेळी ताबा राहत नाही, हीच तर अडचण आहे. १९७४ साली डटन आणि ॲरन या मानसशास्त्रज्ञांनी कॅनडात कॅपिलानो नदीवरच्या झुलत्या पुलावर प्रयोग केला. पूल ओलांडणाऱ्या पुरुषांकडून एका तरुणीने प्रश्नावली भरून घेतली आणि आपला फोन नंबर दिला. नंबर घेणाऱ्या १८ पैकी ९ जणांनी नंतर फोन केला; भक्कम, ठेंगण्या पुलावर १६ पैकी २. छाती धडधडली उंचीमुळे, पण ती जमा झाली तिच्या खात्यावर!

म्हणून पहिल्या भेटी दिवसाउजेडी, शांत जागी आणि दारूविना ठेवा. न चालणाऱ्या दोन-तीन गोष्टी (व्यसन, उधारी, लपवलेलं लग्न) भेटीच्या आधीच कागदावर लिहा. नंतर लिहायला बसलात की यादी सैल होते, ‘रोज पितो’चं ‘कधीमधी घेतो’ होतं. होकार रात्री कळवू नका, झोप झाल्यावर यादी पुन्हा वाचा. देखण्या माणसाने तासभर ताटकळत ठेवलं तर तो ‘विसराळू’, बेताच्या रूपाचा असता तर ‘बेपर्वा’. त्याचं वागणं दुसऱ्या कुणाच्या नावावर घालून बघा, चाललं असतं का?