विंचवाच्या रुग्णाला अ‍ॅट्रोपिन का नको: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

विंचवाच्या गंभीर रुग्णाला अ‍ॅट्रोपिन नको, बीपी उतरवणारी प्राझोसिनची गोळी द्यावी, असं मी विंचूदंशावरच्या लेखात लिहिलं, त्यावर तुम्ही कडक प्रतिक्रिया दिलीत. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगते. मोहरावर तुडतुड्यांसाठी फवारणी करताना दादांच्या बागेतल्या एका गड्याला औषध बाधलं. घामाने निथळत होता, तोंडातून लाळ, उलट्या थांबत नव्हत्या. डॉक्टरांनी अ‍ॅट्रोपिनची इंजेक्शनं देऊन त्याला वाचवलं. विंचवाच्या रुग्णालाही घाम, लाळ, उलट्याच होतात, मग त्याला अ‍ॅट्रोपिन नको असं मी कशाच्या जोरावर लिहिते, हा त्यांचा पहिला सवाल. दुसरा त्याहून तिखट आहे: "अंग गार पडलेल्या माणसाला बीपी उतरवायची गोळी द्यायची म्हणजे त्याला मारायचंच की, ताई!"

तुमच्या गड्याला अ‍ॅट्रोपिन दिलं ते अगदी बरोबर होतं. मी औषधशास्त्र शिकवते, त्यामुळे अ‍ॅट्रोपिनशी माझं वैर असायचं कारण नाही. पण ते औषध नेमकं कुठे जाऊन बसतं ते पाहिल्याशिवाय हा वाद सुटायचा नाही.

हृदय, आतडी, घामाच्या ग्रंथी, रक्तवाहिन्या आपण सांगून चालत नाहीत. त्यांच्याकडे जाणाऱ्या स्वायत्त मज्जातंतूंच्या दोन शाखा आहेत, पॅरासिम्पथेटिक आणि सिम्पथेटिक. पहिलीच्या टोकाला अ‍ॅसिटिलकोलीन हे निरोप पोहोचवणारं रसायन सुटतं; त्याने नाडी मंदावते, लाळ सुटते, आतडी हलतात. दुसरीच्या टोकाला बहुतेक ठिकाणी नॉरअ‍ॅड्रेनालिन सुटतं. त्याने नाडी धावते, रक्तवाहिन्या आवळतात. 'बहुतेक ठिकाणी' हे शब्द मी मुद्दाम घातलेत. घामाच्या ग्रंथींकडे जाणारे तंतू सिम्पथेटिक असूनही टोकाला अ‍ॅसिटिलकोलीनच सोडतात. शरीरातल्या या एका अपवादामुळे तुमच्यासारख्या नीट निरीक्षण करणाऱ्या माणसाचीही दिशाभूल होते, कारण घाम दोन्ही विषांत फुटतो.

फवारणीची जी औषधं ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली असतात, ती अ‍ॅसिटिलकोलीन मोडून टाकणारं एन्झाइम बंद पाडतात. म्हणजे नळ नेहमीसारखाच चालू, पण मोरी तुंबलेली. अ‍ॅसिटिलकोलीन साचत जातं, छातीत स्राव भरतो, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, नाडी मंद पडू शकते. अ‍ॅट्रोपिन ग्रंथींवरच्या आणि हृदयावरच्या मस्करिनिक रिसेप्टरवर, म्हणजे त्याचा निरोप घेणाऱ्या जागांवर, ठाण मांडून बसतं आणि साचलेल्या अ‍ॅसिटिलकोलीनला तिथे शिरू देत नाही. छाती मोकळी होईपर्यंत ते पुन्हा पुन्हा द्यावं लागतं. (आपल्या बांधावरच्या धोत्र्यात हेच अ‍ॅट्रोपिन असतं. धोत्र्याचं बी खाल्लेल्या पोराचं तोंड कोरडं पडतं आणि बाहुल्या मोठ्या होतात ते त्यामुळेच.)

लाल विंचवाचं विष एन्झाइमला हात लावत नाही. ते मज्जातंतूंच्या सोडियम आत सोडणाऱ्या वाहिन्या, म्हणजे बारीक दारं, वेळेवर मिटू देत नाही, त्यामुळे तंतू पेटल्यासारखे संदेश सोडत राहतात. दोन्ही शाखांचे. सुरुवातीला अ‍ॅसिटिलकोलीनचा जोर दिसतो: उलट्या, लाळ, शर्ट पिळून काढावा असा घाम, मुलग्यांमध्ये लिंग ताठ राहणं. हा भाग काही तासांत आपोआप ओसरतो. जीव जातो तो त्यानंतरच्या नॉरअ‍ॅड्रेनालिनच्या लाटेत. तळपाय हातात धरले तर बर्फासारखे गार, नाडी धावतेय, रक्तदाब चढलाय, आणि आवळलेल्या वाहिन्यांविरुद्ध रक्त ढकलून ढकलून हृदय थकत जातं. मग फुफ्फुसांत पाणी भरतं, खोकल्याबरोबर गुलाबी फेस येतो.

अशा पोराला अ‍ॅट्रोपिन दिलं तर काय होईल? घाम थांबेल. लाळ थांबेल. नातेवाईक म्हणतील, उतार पडला. आणि त्याच वेळी हृदयाला आवरून धरणारी पॅरासिम्पथेटिक शाखा तुम्ही गप्प केलेली असेल. नाडी आणखी पळेल आणि आवळलेल्या वाहिन्या होत्या तशाच राहतील, कारण त्यांच्यावर अ‍ॅट्रोपिन चालत नाही. मला या उपायाची भीती वाटते ती यासाठी, की त्यात रुग्ण बरा दिसायला लागतो. नाडी धोकादायकरीत्या मंद झालेला एखादा रुग्ण अपवाद ठरू शकतो, पण तो निर्णय मॉनिटर समोर असलेल्या डॉक्टरचा.

आता तुमची दुसरी हरकत. गार हातपाय म्हणजे बीपी पडलं, असं आपण धरून चालतो. इथे अंग गार आहे ते कातडीच्या रक्तवाहिन्या आवळल्यामुळे. पट्टा बांधून पाहिलं तर सुरुवातीला आकडा चढाच निघतो. नॉरअ‍ॅड्रेनालिन एकाच जातीच्या रिसेप्टरवर काम करत नाही, अल्फा आणि बीटा अशा दोन जाती आहेत, हे रेमंड अ‍ॅलक्विस्ट या अमेरिकन औषधशास्त्रज्ञाने १९४८ साली मांडलं. वाहिन्या आवळते ती अल्फा-१ ही जात. प्राझोसिन नेमकी तीच अडवतं. शिवाय मज्जातंतूच्या टोकावर नॉरअ‍ॅड्रेनालिनला लगाम घालणारे अल्फा-२ रिसेप्टर असतात, त्यांना ते फारसा धक्का लावत नाही. अल्फाचे दोन्ही प्रकार अडवणारी जुनी औषधं हा लगामही सोडवतात. याउलट नाडी धावतेय म्हणून नुसती बीटा अडवणारी गोळी दिली, तर अल्फाला मोकळं रान मिळतं. म्हणजे 'बीपीची गोळी' या एकाच नावाखाली तारणारी गोळी येते आणि घात करणारीही.

हे सगळं आपल्या कोकणातच सिद्ध झालंय, आणि याचा मला फार अभिमान आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरीला आले, तेव्हा विंचवाने माणसं डोळ्यांदेखत जात होती. चिऱ्यांच्या फटीत, लाकडांच्या ढिगात, पेंढ्यात लपलेला विंचू, आणि रात्री उचलून आणलेलं मूल. त्यांनी अशा रुग्णांच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, ईसीजी टिपून ठेवले. प्राझोसिनचा त्यांचा अनुभव १९८६ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. प्राझोसिन येण्याआधी गंभीर रुग्णांपैकी सुमारे ३० टक्के दगावत. नंतर ते प्रमाण १ टक्क्याच्या आसपास आलं. पुढे विंचवावरची प्रतिविष लस आली, तेव्हा त्यांनी आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी महाडमध्येच ७० रुग्णांवर तुलना केली. ती २०११ साली 'बीएमजे' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आली. नुसत्या प्राझोसिनवर बरं व्हायला सरासरी जवळपास १८ तास लागत होते. लस आणि प्राझोसिन दोन्ही दिल्यावर ८. लस रक्तातलं विष निकामी करते, प्राझोसिन विषाने आधीच उठवलेलं वादळ शमवतं, त्यामुळे दोन्हींचा मेळ बसतो.

एका बाबतीत तुमची भीती खरी आहे. प्राझोसिनच्या पहिल्या मात्रेनंतर माणूस उभा राहिला तर बीपी धाडकन कोसळू शकतं. उलट्या-घामाने शरीर कोरडं पडलं असेल तर जास्तच. म्हणून रुग्णाला आडवंच ठेवायचं, पोराला कडेवर उभं धरून फिरायचं नाही, आणि गोळी दवाखान्यातच द्यायची. हातपाय गरम होईपर्यंत ती दर तीन तासांनी देतात. नुसती भयंकर कळ आहे, घाम-उलटी काही नाही, अशा रुग्णाला प्राझोसिन लागतही नाही. त्याची कळ थांबवायची आणि काही तास नजरेखाली ठेवायचं. मांत्रिकाकडे 'उतरतो' तो बहुधा हाच विंचू.

शेवटी तुम्ही विचारलंय, बागेत गड्याला विंचू चावला तर काय करायचं. आडवं झोपवा, १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने आरोग्य केंद्रात न्या, चावल्याची वेळ लिहून ठेवा. आणि त्या दिवशी फवारणी झाली असेल तर ते आधी सांगा, औषधाचा डबा सोबत न्या. मोहरावर मारतात ती सगळी औषधं ऑर्गॅनोफॉस्फेट नसतात. आत काय होतं ते डब्यावर लिहिलेलं असतं, आणि घामाने भिजलेल्या माणसाला अ‍ॅट्रोपिन द्यायचं की प्राझोसिन हे ठरवताना डॉक्टरला ते लागतं.