मागांचा खडखडाट थांबला की ऑडिशन

गणपती उठले की माझ्या फोनवरच्या कास्टिंगच्या ग्रुपांना जाग येते. मालिका, वेब सिरीज, जाहिराती यांच्या मागण्या एकामागून एक येऊ लागतात आणि त्याच सुमारास आमच्या नाटकाच्या ग्रुपमधली मुले दरवर्षीचा प्रश्न घेऊन येतात, "दादा, यंदा मुंबईत खोली घेऊ का?" गेली चार वर्षे माझे उत्तर एकच आहे : निदान पहिला हंगाम तरी सोलापुरातून काढा. मुलांना हे उत्तर भित्रेपणाचे वाटते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

खोली मीही घेतली होती. गोरेगावात अकरा महिन्यांच्या करारावर आम्ही पाच जण राहत होतो. रोज सकाळी वर्सोव्याच्या आरामनगरात जायचे, त्या बैठ्या घरांमधल्या कास्टिंगच्या कार्यालयांची दारे एकेक करून ढकलायची, आतल्या मुलाने मान वर न करता "नॉट फिट" म्हटले की पुढच्या दाराशी जायचे. नकाराचे मला फारसे दुःख झाले नाही. उंची, वय, चेहरा यांचा हिशेब त्यांनी आधीच मांडलेला असतो. दुःख झाले ते याचे, की भाडे निघावे म्हणून संध्याकाळी कॉल सेंटरला जात असल्यामुळे त्या अकरा महिन्यांत मी एकाही नाटकात उभा राहिलो नाही आणि शेवटी शेवटी कॅमेऱ्यासमोरचे दोन मिनिटांचे तुकडेसुद्धा पाठांतरासारखे होऊ लागले.

आता मी घरून सेल्फ टेप, म्हणजे स्वतःच फोनवर चित्रित केलेली ऑडिशन, पाठवतो. आमचे घर पूर्व भागात असल्यामुळे शेजारी टॉवेलचे यंत्रमाग दिवसभर चालू असतात. त्यामुळे कामगार जेवायला बसले आणि खडखडाट थांबला की तेवढ्या अर्ध्या तासात सगळे उरकावे लागते. मागे कोरी भिंत, फोन आडवा, नजर लेन्सच्या किंचित बाजूला, आधी नाव, वय, उंची, मग डावा-उजवा चेहरा आणि हात. समोरच्या पात्राची वाक्ये बहीण वाचते. ती प्रेमप्रसंगसुद्धा रेशनच्या यादीसारखा वाचते, पण समोरून काहीच मिळत नसताना प्रतिक्रिया कशी द्यायची, हे मी तिच्याकडूनच शिकलो.

शिवाय साधारण नोव्हेंबरात हौशी राज्य नाट्य स्पर्धा येते. हुतात्मा स्मृती मंदिर या इथल्या नाट्यगृहात एका प्रयोगासाठी दोन महिने तालीम केलेला नट टेपमध्ये वेगळा दिसतो, हे मी माझ्याच जुन्या-नव्या टेप शेजारी ठेवून पाहिले आहे. अतुल कुलकर्णी यांनीही आधी इथल्या 'नाट्य आराधना' या हौशी नाट्यसंस्थेत नाटके केली, मग दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयातून १९९५ मध्ये पदविका घेतली आणि पडदा त्यानंतर आला. आपण हा क्रम उलटा करू पाहतो.

भाषेचे दुखणे मात्र वेगळेच आहे. घरात तेलुगू, गल्लीत कन्नड आणि शाळेत मराठी अशा शहरात वाढल्यामुळे माझ्या बोलण्यात "येतो की बे" सहज येते. एका ऑडिशनला कागदावर 'ग्रामीण टोन' लिहिले होते, म्हणून मी अगदी आपल्या ढंगात बोललो, तर कॅमेऱ्यामागचा मुलगा म्हणाला, "सर, थोडं गावाकडचं करा ना." त्याला सातारा-कोल्हापूरकडचे ठरावीक रांगडे बोलणे हवे होते. म्हणजे त्यांच्या लेखी सोलापूर हे गाव, पण सोलापूरची भाषा गावाकडची नाही! तेव्हापासून मी दोन टेप पाठवतो, एक त्यांना हवा तसा आणि एक आपला.

पैशांचे थोडक्यात सांगतो. आर्टिस्ट कार्ड, नोंदणी, 'सक्तीचा पोर्टफोलिओ' यांसाठी आधी पैसे मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. कोऑर्डिनेटर, म्हणजे नट आणि निर्माता यांच्यातला मध्यस्थ, आपले कमिशन मिळालेल्या मानधनातून घेतो, आधी नव्हे. काम मिळाले तरी मानधन बहुधा ९० दिवसांनी हाती येते, तेव्हा घरची नोकरी सोडून बसू नये.

या पद्धतीत तोटा नाही असे मी म्हणणार नाही. "मुंबईतच राहता ना?" हा प्रश्न प्रत्येक वेळी येतो, कारण बाहेरगावच्या नटाचा प्रवास आणि मुक्काम निर्मात्याला नको असतो. रात्री फोन करून सकाळी दहाला बोलावलेल्या दोन जाहिराती माझ्या हातून अशाच गेल्या, कारण फोन आला तेव्हा सिद्धेश्वर एक्सप्रेस सोलापुरातून सुटली होती. शॉर्टलिस्ट झाल्यावर, लुक टेस्टला, म्हणजे भूमिकेच्या वेशभूषेत कसा दिसतो ते पाहायला, बोलावले तर मात्र मी त्याच गाडीने सुमारे साडेचारशे किलोमीटर जातो, सकाळी दादरला उतरून अंधेरीची लोकल पकडतो आणि रात्री सिद्धेश्वरनेच परततो. सलग काम मिळाले की मीही पुन्हा खोली बघेन, त्यात माझा कसलाही हट्ट नाही.

आज एका हवालदाराच्या भूमिकेसाठी सहा वाजेपर्यंत टेप पाठवायचा आहे. दीड वाजत आला आहे, माग अजून थांबलेले नाहीत आणि बहीण म्हणते आहे की आरोपीची वाक्ये फार लांब आहेत, निम्मी गाळून वाचते.