आणि… विजेता…

अमेरिकेत शनिवारची रात्र रंगात येते तेव्हा आपल्याकडे रविवारची सकाळ असते. त्यामुळे यूएफसीच्या, म्हणजे जाळीच्या पिंजऱ्यात ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालणाऱ्या त्या अमेरिकी स्पर्धेच्या, मोठ्या लढती आमच्याकडे नेमक्या पोह्यांच्या वेळेला होतात. मला लढतींचं फारसं कौतुक नाही. रक्त दिसलं की घास उतरत नाही. मी टीव्हीसमोर ठाण मांडतो ते ब्रूस बफरसाठी.

हा मारामारी करत नाही. झकपक कोट घालून, हातात चिठ्ठ्या घेऊन जाळीच्या आत उभा राहतो आणि नावं पुकारतो. आधी निळा कोपरा, मग लाल. लढण्याची शैली, उंची, वजन, गाव, आणि शेवटी नाव, तेही असं ताणून की आडनाव येईपर्यंत माझा चहा निवतो. मध्येच गर्रकन वळून तो पैलवानावर बोट रोखतो. २००९ साली 'यूएफसी १००' या कार्यक्रमात तर त्याने पूर्ण गिरकी घेतली होती.

"याला कोणी काही बोललं का रे?" आई मटार सोलता सोलता विचारते. "इतका का ओरडतो?"

मी तिला घराणं समजावलं. बॉक्सिंगचा प्रसिद्ध निवेदक मायकल बफर हा त्याचा सावत्र भाऊ. ब्रूसला हे कळलं तेव्हा तो चांगला मोठा झालेला होता. मग तो भावाचाच व्यवस्थापक झाला. मायकलच्या "लेट्स गेट रेडी टू रम्बल"चा रीतसर ट्रेडमार्क आहे, म्हणून ब्रूसने स्वतःची आरोळी घडवली, "इट्स टाइम!" आईला यातलं फक्त सावत्र भावाचं प्रकरण आवडलं. "वडिलांनी इतकी वर्षं सांगितलं नाही?" ती तेवढ्यावरच अडली.

आपल्याकडच्या कुस्ती मैदानातला निवेदकही पैलवानाचं गाव, तालीम, वस्ताद सगळं सांगतो, वर इनाम देणाऱ्यांची नावंही घेतो. पण तिथे हलगी असते. बफरला जे काय करायचं ते गळ्याने करावं लागतं, आणि आमच्या घरात त्या गळ्याची गाठ मिक्सरशी असते. २०१५च्या डिसेंबरात मॅकग्रेगर आणि आल्डोची नावं तो पुकारत होता, तेव्हा स्वयंपाकघरात खोबऱ्याची चटणी सुरू झाली. मी धावत जाऊन मिक्सर बंद करून परत आलो, तोवर आल्डो आडवा. अख्खी लढत १३ सेकंदांची! तिच्यापेक्षा पुकारा कितीतरी मोठा होता, आणि मी तोच चुकवला. लोकांना वाटतं मी लढत हुकली म्हणून हळहळतो.

खरा छळ मात्र निकालाचा. पंचांचं एकमत नसलं की बफर एकेकाचे गुण वाचतो. एक याच्या बाजूने, दुसरा त्याच्या. विजेतेपदाच्या पट्ट्यासाठीची लढत असेल तर पुढचा एकच शब्द ऐकायचा असतो: "स्टिल" आलं तर जुनाच विजेता, "न्यू" आलं तर नवा. त्याआधी तो "अँड" म्हणतो आणि थांबतो.

परवा तो थांबला आणि बेल वाजली. इस्त्रीवाला. कपडे घेऊन, सुटे पैसे शोधून मी परत आलो तर जाहिरात लागलेली.

"कोण जिंकलं?" मी आईला विचारलं.

आईने हातातली शेंग सोलली. दाणे पातेल्यात टाकले. सालं बाजूला केली. माझ्याकडे पाहिलं.

"शर्ट किती आले?" ती म्हणाली. "मोजलेस का?"