विष्ठा सापडली, पण कोणाची?

सोलापुरात आमच्या घरामागच्या ओढ्याच्या पाण्याच्या तपासणी अहवालात ई. कोलाय हा विष्ठेतून येणारा जिवाणू सापडल्यापासून काठावरचे म्हशींचे गोठे शहराबाहेर हलवावेत, अशी मागणी सुरू आहे. गवळी म्हणतात, दोष फुटलेल्या ड्रेनेजचा. परवा फोनवर दादाने माझे मत विचारले. त्या एका अहवालावरून कोणालाही दोषी धरू नये, असे मला मनापासून वाटते. त्याच गोठ्यांतल्या दुधावर आम्ही भावंडे वाढलो, हेही इथे सांगायला हवे.

ई. कोलाय माणसाच्या आतड्यात असतो तसाच म्हशीच्या, डुकराच्या, कुत्र्याच्याही आतड्यात असतो, शिवाय तो गाळात तग धरतो आणि पाऊस पडला की पुन्हा वर येतो; त्यामुळे नुसत्या आकड्यावरून विष्ठा कोणाची हे कळत नाही.

मी राहतो त्या अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात टिलामूकच्या उपसागराभोवती दुभत्या गाईंचे मोठे गोठे आहेत आणि त्याच पाण्यात कालवे (ऑयस्टर) हे खाण्याचे शिंपलेही वाढवतात. तिथल्या पाण्यावर काम करताना ॲन बर्नहार्ड आणि कॅथरिन फील्ड या संशोधिकांनी 2000 साली वेगळी वाट दाखवली. आतड्यातल्या बॅक्टेरॉइड्स गटातील जिवाणूंच्या डीएनएमध्ये माणूस आणि गाय यांच्या वेगळ्या खुणा सापडतात. माणसाची खूण एचएफ183 या नावाने आज जगभर वापरली जाते. हे जिवाणू प्राणवायूत फारसे वाढत नाहीत, म्हणून खूण सापडली तर घाण बहुधा ताजी असते.

इथे ऑरेगनमधल्या ओढ्यावर मी स्वयंसेवक म्हणून नमुने घेतो. बाटलीचे तोंड येणाऱ्या प्रवाहाकडे धरायचे, हात प्रवाहाच्या खालच्या बाजूला ठेवायचा, बाटली लगेच बर्फात ठेवायची. पुढे प्रयोगशाळेत 0.45 मायक्रॉन छिद्रांच्या गाळणीवर जिवाणू अडकतात आणि त्यांतून डीएनए काढतात.

ही पद्धत आहे तशी उचलून सोलापुरात लावता येणार नाही. इथल्या गाईंवर पारखलेली खूण आपल्या म्हशींच्या शेणावर आणि आपल्याच सांडपाण्यावर आधी तपासावी लागेल. खर्च येईल, हे दादाचे म्हणणे खरे आहे. पण गोठे उठवण्याचा खर्च त्या कुटुंबांनी सोसायचा आहे.

म्हणून मी दादाला तीन जागा सुचवल्या: गोठ्यांच्या वर, गोठ्यांच्या खाली आणि ड्रेनेजची लाइन ओढा ओलांडते तिथे. नमुने कोरड्या दिवशी घ्यावेत आणि पहिल्या मोठ्या पावसातही घ्यावेत, कारण पाऊस नसतानाही माणसाची खूण मिळाली, तर आधी लाइनच तपासावी लागेल.