पोवई नाक्यावर तीन दगडांवर पाय

म्हसवडचा विषय पक्याने काढला आणि अप्पांनी तिथेच कपाळाला हात लावला. पक्या पुण्याला एमबीए झाल्यापासून साताऱ्यात कोणाचंच बरोबर चालत नाही.

"तिथल्या माणदेशी महिला बँकेच्या चेतना सिन्हांचंच बघा," पक्या म्हणाला. "बँक आहे, बिझनेस स्कूल आहे, रेडिओ आहे, वर चारा छावणी. बाई सल्लागार, शिक्षिका की पुढारी? कुठल्याही इन्व्हेस्टरला विचारा, फोकस नाही म्हणेल. एक काम धरायचं आणि स्केल करायचं. हे म्हणजे तीन दगडांवर पाय."

"चूल तीन दगडांवरच बसते रे," नंदाताई म्हणाली आणि बिस्कीट चहात बुडवलं.

नंदाताई बचत गटांच्या वह्या तपासते. तिच्याशी आकड्यांवरून भांडायचं नाही, हा कट्ट्यावरचा अलिखित नियम. पक्या मात्र तो दर रविवारी मोडतो.

"बाई मूळच्या मुंबईच्या," अप्पांनी तोंड घातलं. "अर्थशास्त्र शिकल्याल्या, जेपींच्या चळवळीतल्या. त्यांची वळख वरपर्यंत. त्यांना बँक काढाय काय जातंय? आमीबी पतपेढी काढलीच हुती की."

"आणि बुडवलीही," मास्तर पेपरमधून डोकं न काढता म्हणाले. मास्तरांची ठेव त्याच पतपेढीत होती. तो विषय निघाला की चहा गार होतो, म्हणून नंदाताईने पटकन सूत्रं घेतली.

"वरच्या ओळखीने बँक होत असती तर पहिला अर्ज परत आला असता का, अप्पा? रिझर्व्ह बँकेने नाकारला, कारण प्रवर्तक बायका अंगठेबहाद्दर. मग बाईंनी काय केलं? वकील नाही गाठला. वर्ग सुरू केला. काही महिन्यांनी त्याच बायका पुन्हा साहेबांसमोर. मुद्दल सांगा, व्याज आम्ही कॅल्क्युलेटरशिवाय सांगतो, साहेबांनीही तसंच करून दाखवावं. 1997 ला बँक उभी राहिली. आता सांग पक्या, यातलं शिकवणं कुठे संपलं आणि पुढारीपण कुठे सुरू झालं?"

"ती स्टोरी चांगली आहे. पण बिझनेस ॲडव्हायझरी ही वेगळी स्किल आहे."

"बरं. मग कर ॲडव्हायझरी. शेंगदाण्याची चटणी. 10 किलो दाणे, 130 ने."

"1300," मास्तरांनी पेपर खाली ठेवला. हिशोब निघाला की त्यांना राहवत नाही.

"भाजून, पाखडून किलोभर घट येते, ती लसूण, मिरचीपूड आणि मीठ भरून काढतं. लसूण 200 चा, मिरची दीडशेची, मीठ-जिरं 50. झाले 1700. माल साधारण 10 किलो, म्हणजे 200 ग्रॅमची 50 पाकिटं. पिशवी आणि लेबल 3 रुपये पाकिटाला. गॅस आणि दळणाचे 200."

"2050. पाकिटाला 41."

"गट विकतो 50 ला. बायका खूश, पाकिटामागे 9 सुटले. पक्या, नफा किती?"

"नऊ," पक्या म्हणाला. "18 टक्के मार्जिन. नॉट बॅड."

नंदाताईने मास्तरांकडे नुसतं बघितलं.

"दोन बाया दिवसभर राबल्या, त्यांची मजुरी 300 प्रमाणे 600," मास्तर म्हणाले. "टेम्पोचे 100 धरा. 2750. पाकीट पडलं 55 ला. म्हणजे 5 रुपये तोटा, पक्याशेठ."

"आणि दुकानदाराने 20 टक्के कापले की हातात 40. मजुरी राहिली बाजूला, सामानाचाही रुपया गेला. तेही उधारीवर. दोन महिन्यांनी न खपलेली पाकिटं परत येतात, तोवर दाण्याला खवट वास सुटलेला. हे तुझ्या स्लाइडमध्ये कुठे येतं? स्वतःची मजुरी धरायची असते हे त्या बाईला पटेपर्यंत वर्ग घ्यावा लागतो. पटलं की ती भाव 50 चा 70 करते, लगेच घरचे म्हणतात, कोण घेणार तुझी चटणी? त्या वेळी तिच्या बाजूने दारात उभं राहणारं माणूस लागतं. तू सल्ला देऊन पुण्याची शिवशाही पकडणार."

"व्हय, पण व्याज?" अप्पा सावरून बसले. "ही समदी बायांना कर्जात घालत्यात."

"कर्ज कसं घालतात ते तुम्हाला माहीतच आहे," मास्तर म्हणाले. "तुमच्या पतपेढीत 10 हजार, 10 हप्ते, महिना 2 टक्के फ्लॅट, म्हणजे शेवटच्या हप्त्यापर्यंत पुऱ्या 10 हजारांवर. व्याज 2000. तेच घटत्या शिल्लकीवर लावा, दर महिन्याला हजार मुद्दल फिटतंय म्हणून 1100. दर तोच बोर्डावर, 900 रुपये जास्त खिशातून. आणि माझी ठेव..."

"मास्तर, ठेव नको," सगळे एकदम.

नंदाताई पुढे म्हणाली, "एवढा फरक बाईला कळला की ती सावकारालाही विचारते, फ्लॅट की घटतं. म्हणून 2006 ला बिझनेस स्कूल काढलं, पुढे बसमध्ये घालून गावोगाव नेलं. कारण बाई दिवसाची मजुरी बुडवून म्हसवडला वर्गाला येणार नाही, हे साधं आहे. बँकेचंही तसंच. दारात जाऊन पैसे घ्यायचे. पासबुक घरी पडून राहिलं की शिल्लक आधी नवरा वाचतो."

"ते पटतंय," पक्या जरा नरमला, पण हार कसली मानतो. "छावणी मात्र कोअर बिझनेस नव्हता."

"2012 चा दुष्काळ आठव. बायकांचं कर्ज गाई-म्हशींवर. चारा नाही म्हणून गाय पडेल भावात गेली, तर हप्ता कोण भरणार? गाय वाचवणं ही वसुलीच आहे, बाबा. मोठ्या जनावराला दिवसाला 15 किलो हिरवा चारा, 40-50 लिटर पाणी. हजार जनावरं म्हटली की रोज 15 टन. ऊस कुठून आणायचा, टँकर कधी येणार, शेण कोण उचलणार, कुणाची गाय कुणाच्या दावणीला. सल्लागाराचं काम याहून काय वेगळं असतं? पुढे 2018 ला दावोसच्या जागतिक आर्थिक परिषदेत सहअध्यक्षांच्या रांगेत त्या बसल्या. सातही जणी बायकाच."

"तिथं काय चटणी विकली व्हय?" अप्पा.

"नाही, पण तुम्हाला बोलावलं असतं तर तुम्ही जाहीरनामा नक्की विकला असता."

अप्पा हसले. पक्या गप्प होता, म्हणजे काहीतरी शोधत होता. "बरं ताई, जनावरांचंच म्हणतेस तर मला सांग..."

"पक्या, जनावरं आणि पक्षी यावर तू बोलू नकोस," मास्तर म्हणाले.

पक्याच्या इमूपालनाचा विषय निघाला. तो निघणारच होता. अंडं हजाराला जाणार, तेल वेगळं, कातडं वेगळं, कंपनीच परत घेणार, असं पक्याने याच कट्ट्यावर आम्हाला समजावलं होतं. पुढे कंपनीचा फोन लागेना आणि पक्याच्या मळ्यातले दोन इमू कुंपण तोडून थेट अप्पांच्या प्रचारसभेत घुसले.

"त्या सभेला तेवढीच गर्दी हुती," अप्पा स्वतःच म्हणाले, आणि मग कोणाचंच कोणाला ऐकू येईना.

चहावाला इतका वेळ ओटा पुसत ऐकत होता. "ताई, म्हणजे मी पहाटे पाचला उठतो त्याची मजुरी चहात धरायची ना?"

"धरायचीच."

"मग उद्यापासून कटिंग 15."

पक्या ओरडला, हा कार्टेल आहे. मास्तर पाकिट शोधू लागले. अप्पांनी उठता उठता नेहमीप्रमाणे हात वर केला, "माझं लिहून ठेव रं."

"लिहितो," चहावाला वही काढत म्हणाला. "अप्पा, फ्लॅट की घटत्या?"