हरणासाठी बंदूक मागू नका, बोमा मागा आणि लांडगा राखा

सोयाबीन दुपानावर आलं की मराठवाड्यात दरवर्षी एकच मागणी उठते: हरणं मारायची परवानगी द्या. मागणीमागची आग खरी आहे. काळविटांचा कळप एका रात्रीत पिकाच्या ओळीच्या ओळी खुडतो, बांधावर साड्या बांधल्या तरी चार दिवसांत त्यांना सरावतो. दुबार पेरणीचं बी-खत कुणी देत नाही. पण मागायचं काय, यात आपण चुकतोय.

रोही (नीलगाय) आणि रानडुक्कर 2022च्या दुरुस्तीनंतर वन्यजीव कायद्याच्या अनुसूची दोनमध्ये आहेत. उभ्या पिकाची नासाडी हे कारण त्यांच्या बाबतीत चालतं. काळवीट अनुसूची एकमध्ये आहे आणि तिथे पिकाचं कारण चालतच नाही. शिवाय बंदूकवाला टिपणार शिंगाळा नर. एक नर कितीतरी माद्यांना पुरतो, तेव्हा नर मारून पाडसं कमी होत नाहीत. आवाजानं कळप फुटून शेजारच्या शिवारात जातो, एवढंच.

कायद्यानं दिलेली वाट कलम 12 मध्ये आहे: न मारता पकडून योग्य अधिवासात हलवणं. काळविटासाठी केंद्राची पूर्वपरवानगी लागते. मध्य प्रदेशात शाजापूर भागात 2025 मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या तज्ज्ञांच्या मदतीनं हेलिकॉप्टरनं हाकून 800हून अधिक काळविटं अशीच पकडून हलवली.

अशी पकड बोमात होते. बोमा म्हणजे नरसाळ्यासारखं कुंपण. तोंड भरपूर रुंद, पुढे निमुळतं होत शेवटी थेट ट्रकच्या फळीला भिडलेलं. भिंती हिरव्या शेडनेटच्या किंवा गवताच्या ताट्यांच्या, माणसाच्या डोक्याहून उंच. आरपार दिसता कामा नये, हे सगळ्यात महत्त्वाचं. फटीतून पलीकडचं रान दिसलं की हरीण तिथेच धडकतं आणि मान मोडून घेतं. दिसलं नाही, तर साध्या कापडालाही ते भिंत समजून कडेकडेनं पुढे सरकतं. कळप आत आला की मागचा पडदा ओढायचा.

घात होतो तो पळवण्यात. जास्त दामटलेलं हरीण पकडताना ठणठणीत दिसतं, पण अंग तापून आतले स्नायू निकामी झालेले असतात. काही तासांनी, कधी दोन-चार दिवसांनी ते मरतं. म्हणून थंडीतली पहाट धरायची, हाकारा थोडकाच ठेवायचा, गाडीत अंधार आणि शांतता हवी. मोठे नर वेगळ्या कप्प्यात ठेवायचे, शिंगांवर रबरी नळी चढवायची, नाहीतर ते माद्यांना भोसकतात. आणि सोडायचं तिथे गवत पाहिजे. दुसऱ्याच्या हरभऱ्याशेजारी सोडलं तर आपलंच दुखणं त्याच्या गळ्यात घातलं.

पण नुसतं उचलून नेलं तर काही वर्षांत शिवार पुन्हा भरणार. संख्या धरून ठेवायला शिकारी लागतो. ‘वाघ आणा’ म्हणणाऱ्यांनी धाराशिव जिल्ह्यातलं येडशी पाहावं. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातला वाघ 2024च्या अखेरीस तिथल्या रामलिंग अभयारण्यात आला. अभयारण्य जेमतेम 22 चौरस किलोमीटर, वाघ शिवारातल्या गुरांवर गेला. उघड्या माळावरचं काळवीट हे त्याचं सावज नव्हे. बिबट्याही दबा धरायला आडोसा शोधतो.

माळाचा शिकारी लांडगा, आणि तो कुठून आणायचा नाही, इथेच आहे. पाडस पहिले काही दिवस आईपासून दूर गवतात दबून पडतं, लांडगा नेमकं तेच हुडकतो. पण आपण गायरानं नांगरली, उरलेल्या माळावर चर खणून झाडं लावली. त्याला बीळ करायला जागा राहिली नाही, मग तो शेळ्या-मेंढ्यांकडे वळतो. भरपाईसाठी 48 तासांत कळवायचं आणि मेलेलं जनावर जागेवर ठेवायचं. इकडे धनगराचा वाडा, म्हणजे मेंढ्यांचा फिरता तळ, सकाळीच पुढच्या गावाला निघालेला. पंचनामा होत नाही, आणि पुढच्या वेळी मेलेल्या मेंढीत विष भरलं जातं.

म्हणून ग्रामसभेच्या ठरावात बंदुकीऐवजी हे लिहा: तालुक्यात हरणांची मोजणी, त्यावरून बोमाचा प्रस्ताव, गायरानातली चरखोदाई बंद, आणि वाड्यावरच्या मेंढीचा पंचनामा त्याच दिवशी, वनरक्षकानं मोबाइलवर ठिकाणासह काढलेल्या फोटोवर.